मागून येते ती थोरली

"एबो, ही डिस्क आज फारच कटकट करते रे," आई फोनवर म्हणाली, आणि माझा घास हातातच राहिला.

मी उत्तरेला तमालेत होतो, दुपारचे दोन वाजले होते. सोमवार होता, सणाची सुट्टी होती. ताटात तुओ झाफीचा, मक्याच्या पिठाचा, गरम गोळा, शेजारी लॅपटॉप उघडा, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या आनोमाबोला, आमच्या घरी माझं काम आपलं आपण चाललेलं. मोठ्या समाधानाने जेवत होतो.

"कुठली डिस्क, आई? कटकट करणारी तर तुझ्या मांडीवर आहे."

"मांडीवरची गप्प आहे. तिला वायरच नाही तर ती कशाला बोलेल? मी टीव्हीखालच्या डिस्कबद्दल सांगतेय. कट्, मग जरा थांबते, मग कट् कट्. बारा वाजल्यापासून थांबायचं नाव नाही."

आधी वाटलं, अक्राच्या दुकानदाराने मला टोपी घातली, मागवलेली नवी डिस्कही खराब निघाली. तसं नाही, हे कळायला एक श्वास पुरला. कटकट करणारी डिस्क आमच्या घरात एकच होती.

"आई, मांडीवरच्या डिस्कवर काय लिहिलंय? वाच."

"मीच लिहिलंय, वाचायचं काय त्यात? पान्यिन."

"आणि खालच्या?"

"काक्राबा. दुसरं काय असणार? दोनच तर आहेत."

जुळी झाली की थोरलीला पान्यिन म्हणायचं, धाकटीला काक्राबा, हे आमच्याकडे कोणालाही झोपेतून उठवून विचारा.

"मग पान्यिन म्हणजे जुनीच ना!" मी ओरडलो.

"जुनी कशी होईल? पान्यिन शनिवारी आली ना घरात! नंतर येते ती पान्यिन. धाकटीला आधी हात देऊन बाहेर पाठवते आणि मग स्वतः येते, म्हणून तर ती थोरली. चाळीस वर्षं मी लोकांची जुळी बाहेर काढली, एबो. आता तू मला शिकवणार?"

त्या क्षणी मी काय करून बसलो होतो, ते आधी सांगायला हवं.

आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक छोटा कॉम्प्युटर आहे. एका कचेरीने भंगारात काढलेला मी आणला, त्यावर लिनक्स बसवलं, घरच्या राउटरला जोडला, लाइट गेली तर तग धरावा म्हणून बॅटरी लावली. मग तमालेपासून त्या कप्प्यापर्यंत इंटरनेटच्या आतून एक खासगी बोगदा खणला. दुसऱ्यांची नेटवर्कं सांभाळण्यावर माझं पोट आहे; हे एक घरचं. बसने चौदा तासांवरच्या या कॉम्प्युटरला मी तमालेत बसून उठवतो, झोपवतो, त्याची औषधं बदलतो. हाताने करायचं काही असेल तर ते आई करते. दवाखान्यात सुईण म्हणून तिने जन्म घालवला. वायर ओढायची का टोचायची एवढं फोनवर सांगितलं की तिचा हात चुकत नाही.

या कॉम्प्युटरमध्ये सिनेमे नाहीत. आमच्या चॅपलमधली एकतीस वर्षांची रविवारची गाणी आहेत.

आमच्याकडे पाळक प्रवचनाला उभा राहतो, पण प्रवचन त्याच्या एकट्याचं नसतं. तो बोलत असतो, आणि बायकांच्या बाकांवरून एखादी उठते, त्याला मध्येच तोडते, आणि जे चाललंय तेच गाण्यात धरते. शब्द त्या घडीला सुचलेले. बाकीच्या मागून उचलतात. पाळक बाजूला उभा राहून घाम पुसतो. गाणं ओसरलं की तिथून पुढे बोलायला लागतो. ज्या रविवारी त्याला कोणी तोडत नाही, त्या रविवारी बिचारा घरी जाऊन नीट जेवतही नाही. मला स्वतःला तर वाटतं, देव त्या तोडण्यातूनच आत येतो. आणि ते गाणं कागदावर नसतं. पुढच्या रविवारी तोच अध्याय निघाला तरी शब्द वेगळे, चाल वेगळी. गेलं ते गेलं. म्हणून कोणीतरी कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. समुद्राच्या हवेने त्या चिकटायला लागल्या तेव्हा मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, नावं दिली, आणि बुरशी चढलेल्या कॅसेटी फेकून दिल्या.

त्या बाकांवरची सगळ्यांत मोठी गाणारी म्हणजे एफुआ पान्यिन, माझ्या आईची जुळी बहीण. मी तिला थोरली आई म्हणत असे. माझी आई एफुआ काक्राबा. दोघींचा गळा असा एक, की एकीने ओळ सुरू करून दुसरीने संपवली तर सांधा सापडू नये. पण पुढे थोरली आई, मागे आई. आई कधी पुढे झाली नाही. "मला तिच्यामागे धरायला आवडतं, पुढे वारा फार लागतो," असं म्हणायची.

थोरली आई गेल्या वर्षी गेली. येत्या रविवारी तिची वर्षाची प्रार्थना होती. आईने माझ्याकडे एकच मागितलं.

"योनाचं गाणं लाव. तुझे बाबा परत आले नाहीत त्या वर्षीचं, कापणीच्या रविवारचं. चॅपलभर लोक उभे राहिले होते एवढंच मला आठवतं. बाकी काही नाही. मी नुसती रडत होते. मला तिचं ते ऐकायचंय."

योना म्हणजे बायबलातला, मोठ्या माशाने गिळलेला. बाबा मासेमारीच्या नावेतून गेले तेव्हा मी दूर कॉलेजच्या वसतिगृहात होतो. बावीस वर्षांत आईने ते गाणं कधी लावायला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, आणि नेमकी ती सगळी गाणी जिच्यात होती ती डिस्क कटकट करायला लागली. जुनी होती, मरायला टेकली होती. मी अक्राहून अगदी तसलीच दुसरी मागवली. तिच्यावर सगळं उतरवायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. शनिवारी ती घरी पोचली. आई फोनवर हसत म्हणाली, "या तर जुळ्या दिसतात रे. नावं चिकटवू?" मीही हसलो. "चिकटव," म्हटलं. दवाखान्यात पोरांच्या मनगटाला लावतात तसल्या चिकटपट्टीवर तिने नावं लिहिली.

बाजारात खोट्या डिस्का फिरतात. आत अमुक जागा आहे सांगतात आणि नसते. म्हणून नवी डिस्क आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरून बघायची, ही माझी पद्धत. जे असेल ते पुसून जातं, पण नवीत असतं काय? तरी माझा हात चुकू नये म्हणून सोमवारी दुपारी बारा वाजता मी आईला सांगितलं, "पान्यिनची वायर काढ आणि तिला मांडीवर घेऊन बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही." एवढी काळजी घेतली! मग कॉम्प्युटरला विचारलं, बाहेरून कोणकोणत्या डिस्का लागल्यात? तो म्हणाला, एक. आकार बरोबर. जुनी तर आई मांडीवर घेऊन बसलीय, मग आणखी काय बघायचं? मध्ये नेट तुटलं तरी काम थांबू नये अशी सोय लावली, कळ दाबली आणि जेवायला बसलो.

दोन तास ती शून्यं थोरल्या आईच्या गाण्यांवरून चालली होती.

घास टाकून मी लॅपटॉपवर झेपावलो. थांबवण्याचा हुकूम टाइप केला. पडद्यावर काही उमटेना. पुन्हा टाइप केला. बोगदा कोसळला होता; आनोमाबोचं नेट गेलं होतं. आणि काम मात्र चालूच राहणार होतं, कारण तशी सोय मीच केली होती.

"आई, उठ! भिंतीतला प्लग ओढ!"

"चालू असताना?"

"ओढ, आई!"

"तूच शपथ घातलीस मला. चालू कॉम्प्युटरचा प्लग ओढायचा नाही, आधी त्याला सांगून झोपवायचं. प्रवचन चालू असताना पाळकाला खाली ओढतो का, असं तूच म्हणाला होतास."

"आई, गाणी पुसली जातायत! पान्यिनची गाणी! आत्ता, बोलतोय तोवर!"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आईचा दम लागलेला श्वास.

"ओढला."

"बंद झाला?"

"नाही. दिवा लुकलुकतोय. कटकट चालू आहे."

बॅटरी. मीच बसवलेली, लाइट गेली तरी काम थांबू नये म्हणून. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

"डिस्कचीच वायर ओढ. जी टोचलीय ती. ओढ, तुटली तर तुटू दे."

एक खट्ट आवाज आला. मग काहीच नाही.

"गप्प झाली," आई म्हणाली. मग अगदी हळू, "एबो, मी काय केलं रे?"

"तू नाही. मी केलं."

"किती गेलं?"

मला ठाऊक नव्हतं. हिशेबाने तिसरा हिस्सा तरी. पण कुठला तिसरा, ते देवाला ठाऊक. मी म्हटलं, "मी येतो. दोन्ही डिस्का कपाटात ठेव. कुठल्याही डिस्कला काही लावू नकोस."

"लावायचं कशाला," ती म्हणाली. "आता तर हात लावायचीही भीती वाटतेय."

मंगळवारी संध्याकाळी बस पकडली. रात्रभर झोप नाही. एका गोष्टीने डोकं पोखरलं होतं, आणि ती डिस्क नव्हती. एकेचाळीस वर्षं मी थोरल्या आईला थोरली म्हणत आलो, आणि एकदाही मनात आलं नव्हतं की ती माझ्या आईच्या नंतर जन्मली असेल. पुढे असेल ती मोठी, यात विचारायचं काय! आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असणार, म्हणूनच मला कोणी सांगितलं नाही. शाळेने शिकवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी दार उघडलं ते ताविआ मावशीने. ताविआ म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेली. नावच तसं, स्वभावही तसाच. दोघींनी खाऊन उरलेल्या जागेवर ती वाढली, आणि आयुष्यभर त्याची वसुली करत आली.

"या, इंजिनिअर! एवढी मोठी सरकारी नेटवर्कं सांभाळता, आणि कोण आधी जन्मलं ते कळत नाही?"

"मावशी, पाया पडतो, आत येऊ दे."

"ये ये. केंकी गरम आहे. काक्राबा दोन दिवस जेवली नाही. तुला बघून जेवते का बघू."

आई बैठकीत कपाटासमोर बसली होती, पहारा दिल्यासारखी. मला बघून उठली नाही. मी तिच्या पायाशी बसलो.

"खरंच तू आधी आलीस?"

"आधी आले. माझी आई सांगायची, पान्यिनने मला पुढे ढकललं, जा, बाहेर काय आहे बघून ये म्हणून. मी रडले, म्हणजे बाहेर ठीक आहे, असं तिला कळलं. मग ती आली." आईने कपाटाकडे बघितलं. "सगळीकडे तसंच. शाळेत आधी मी, लग्न आधी माझं. ढकलायची, आणि मागून यायची. या खेपेला मात्र मला विचारलंसुद्धा नाही. स्वतःच पुढे निघून गेली."

ताविआ मावशीने पानात उकडलेला केंकीचा, आंबवलेल्या मक्याचा, गोळा तिच्यापुढे ठेवला. "खा आता. उपाशीपोटी तुला कोणी विचारायला येणार नाही."

माझ्याजवळ एक उपाय होता. डिस्कवरची नावांची यादी गेली तरी आत खोल गेलेले आवाज राहतात. त्यांना एक-एक शोधून काढणारा प्रोग्राम असतो. मी लॅपटॉप लावला. मरायला टेकलेली डिस्क. दर कट् आवाजाला मी देवाचं नाव घेत होतो. बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी संध्याकाळी मोजलं. सोळाशेंपैकी एक हजार त्रेचाळीस आवाज वर आले होते.

पण एकावरही नाव नव्हतं. तारीख नाही, कोण गातंय नाही, कुठला अध्याय नाही. नुसते आकडे. जणू हजार पोरं एकाच पाळण्यात, आणि एकाच्याही मनगटाला पट्टी नाही.

"मग ऐकून नावं ठेवू," आई म्हणाली. जसं काही तिच्या वॉर्डातली गोष्ट होती.

शुक्रवारी सकाळी ओट्यावर स्पीकर मांडला. आई, ताविआ मावशी, आणि मी वही घेऊन. पहिला आवाज लावला. ताविआ मावशीने डोळे मिटले.

"लाजरसचा अध्याय. पाळक तो बारका, ज्याचा झगा जमिनीवर लोळायचा. गातेय ती मिठाची दुकानवाली."

"वर्ष?"

"माझी दाढ दुखत होती ते वर्ष."

"मावशी, वहीत असं लिहू?"

"लिही. ज्याला वर्ष हवं असेल तो मला येऊन विचारेल."

दिवसभर असंच. चार ओळी ऐकायच्या, पुढे जायचं. एका गाण्यात कोंबडा आरवला, तर ताविआ मावशी म्हणाली, तो तिचाच कोंबडा, त्या संध्याकाळी शिजला. एका गाण्याला दोघी भांडल्या आणि कोणीच जिंकलं नाही. थोरली आई पुढे गात असलेली गाणी मोजकी सापडली. बरीचशी पुसलेल्या तिसऱ्या हिश्श्यात गेली असावीत. तिचा आवाज आला की आई अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाशी धरायची. योना काही आला नाही. संध्याकाळ झाली तसा मी आईच्या तोंडाकडे बघायचं टाळायला लागलो.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, सातशेच्या पुढच्या कुठल्याशा आकड्यावर, पाळकाचा आवाज आला: "...आणि प्रभूने एका मोठ्या माशाला आज्ञा केली..." आणि तिथेच एक बाई उठली.

*माशाच्या पोटात मी तुला हाक मारली,*
*तिथे दिवा नव्हता, तरी तू मला पाहिलंस.*

मागून दुसरीने उचललं. मग सगळं चॅपल.

आई उठून उभी राहिली. "हेच. हेच ते. पान्यिन!"

मी हात जोडले. सापडलं. सोमवारपासून छातीवर बसलेला दगड उतरला. तेवढ्यात ताविआ मावशी म्हणाली, "बंद कर. पुन्हा लाव, पहिल्यापासून."

लावलं.

"पुन्हा."

"मावशी, काय झालं?"

"एबो, पुढे कोण गातंय?"

"थोरली आई. मीच नाव दिलं होतं त्याला, 'एफुआ पान्यिन, योना, कापणी'. कॅसेटवर नुसती तारीख होती."

"आणि कसं कळलं तुला, की पान्यिन?"

"पुढे आहे म्हणून."

मी बोललो, आणि माझेच शब्द माझ्या कानांवर आदळले. पुढे आहे म्हणून.

ताविआ मावशीने स्पीकर जवळ ओढला. "पान्यिनचा पुढचा दात लहानपणी माझ्या डोक्यावर आपटून तुटला. ही बघ खूण, अजून आहे. तेव्हापासून ती 'स' म्हणाली की बारीक शिट्टी वाजायची. आता ऐक. 'पाहिलंस.' पुढच्या बाईचं ऐक."

पुढच्या बाईचा 'स' स्वच्छ होता. मग मागून उचलणारीची ओळ आली. 'पाहिलंस.' आणि तिथे ती शिट्टी होती, बारीक, सुईसारखी. कॅसेटवरून उतरवताना मी ती ऐकली होती. टेपचा दोष म्हणून घासून काढायचा प्रयत्नही केला होता.

"मागे पान्यिन आहे," ताविआ मावशी म्हणाली. "पुढे तू आहेस, काक्राबा."

"छट्," आई म्हणाली. "मी कधी जन्मात पुढे गायले नाही."

"त्या दिवशी गायलीस. मी तुझ्या डाव्या हाताला होते. पान्यिनने तुझ्या पाठीला हात लावून तुला उठवलं. मला वाटलं तू पडतेयस, म्हणून कापड धरायला गेले, तर तू गायला लागलीस. डोळे मिटलेले, तोंडावरून पाणी वाहतंय. चॅपल उभं राहिलं ते तुझ्यासाठी."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुला सांगायचं? तू गायलीस ना, तुला ठाऊक नाही हे आम्हाला काय ठाऊक! नंतर तू त्याबद्दल बोलायची नाहीस. आम्हाला वाटलं, नवऱ्याची जखम आहे, नको काढायला."

आई खाली बसली. ती स्पीकरकडे बघत राहिली, त्यातून एखादं माणूस बाहेर येईल अशी. मी तिला पाणी दिलं. तिने पेला धरला आणि प्यायली नाही.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

लावलं. ती स्वतःला ऐकत होती, बावीस वर्षांपूर्वीच्या त्या बाईला, जिचा नवरा समुद्राने घेतला होता आणि जी माशाच्या पोटातून देवाला हाक मारत होती. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मागून ती शिट्टी यायची. जरा उशिराने. घाई नाही. पुढचीला पुढे जाऊ देऊन मग.

"ढकललंन मला," आई पुटपुटली. "इथेसुद्धा."

मला वहीकडे बघवेना. माझ्या हाताने दिलेली सोळाशे नावं, आणि त्यांतली किती अशी? डिस्क पुसली गेली नसती तर हे नाव तसंच राहिलं असतं. उद्या चॅपलभर लोकांनी थोरल्या आईला म्हणून माझ्या आईला ऐकलं असतं, आणि आईनेही ऐकलं असतं, रडली असती, आणि कधी कळलं नसतं. देव माणसाची चूक कशी वापरतो ते मी आयुष्यभर प्रवचनांत ऐकत आलो, पण ते आपल्या ओट्यावर घडताना पहिल्यांदाच बघितलं.

"मग उद्या काय लावायचं?" मी विचारलं. "तुला तिचं हवं होतं. तिची पुढे गायलेली दुसरी आहेत, थोडी."

"हेच लाव."

"लोकांना वाटेल पान्यिन गातेय."

"वाटू दे. ज्याला कान आहेत त्याला कळेल." मग वही ओढून म्हणाली, "नाव लिही आधी. नीट लिही. काक्राबा पुढे, पान्यिन मागून."

मी लिहिलं. मग लॅपटॉपवर त्या आकड्याच्या जागी तेच टाइप केलं, आणि ते गाणं तीन ठिकाणी ठेवलं, तिन्हींवर आईने चिकटपट्टी लावली.

रविवारी चॅपल भरलं होतं. काळीपांढरी कापडं, थोरल्या आईचा फोटो, फुलं. पाळकाला आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी योना काढला. मी बायकांच्या बाकांमागे लॅपटॉप घेऊन बसलो, स्पीकर वेदीच्या बाजूला.

"...आणि प्रभूने एका मोठ्या माशाला आज्ञा केली," पाळक म्हणाले, आणि थांबले.

मी कळ दाबली.

*माशाच्या पोटात मी तुला हाक मारली...*

चॅपलमध्ये एक सुस्कारा गेला. "पान्यिन," कोणीतरी म्हणालं, आणि मागच्या रांगेत एक म्हातारी हुंदके देऊ लागली. पुढची ओळ संपली. मागच्या ओळीची वेळ झाली, शिट्टी येणार एवढ्यात आई उठली.

ती पुढे झाली नाही. स्पीकरमधल्या स्वतःच्या तरुण आवाजाला तिने ओळ पुरती संपवू दिली, जरा थांबली, आणि मग मागून उचलली, बरोबर तिथे जिथे त्या दिवशी थोरल्या आईने उचलली होती. स्पीकरमधली पान्यिन आणि बाकाजवळची आई, दोघींचा एक गळा झाला. मग आजूबाजूच्या बायका उठल्या. मग पुरुषही. पाळक बाजूला सरकून घाम पुसायला लागले. मी लॅपटॉपवर हात ठेवून बसलो होतो, आणि स्पीकरमधलं गाणं कधी संपलं ते मला कळलंच नाही. चॅपल गातच होतं.

हळूहळू ओसरलं. सगळे बसले, आई उभीच. डोळे मिटलेले.

ताविआ मावशीने तिचं कापड ओढलं.

"बस आता, पान्यिन," ती म्हणाली.

आई बसली.